दोरीला बांधलेला दगड

फाल्गुन सरत आला होता. सड्यावरचं गवत इतकं वाळलं होतं की पायाखाली पापड मोडल्यासारखं वाजायचं. दक्षिण रत्नागिरीतल्या एका वाडीच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेत वणवा शिरला. वाडीतले बाप्ये ऐनाचे, किंजळीचे ओले टाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, घेऊन गवत झोडपत होते, बायका कळशांनी पाणी आणत होत्या, आणि खालून घाटी चढत तालुक्याच्या गावचा बंब आला. चौघांनी उड्या मारून नळ्या काढल्या. पाचवा, मिशा पिकलेला, आगीकडे क्षणभर बघून सरळ विहिरीकडे चालता झाला. त्याने खिशातून सुतळीची गुंडाळी काढली. टोकाला लिंबाएवढा दगड. सुतळी विहिरीत सोडली, चुळुक आवाज येईपर्यंत थांबला, मग वर ओढून भिजलेलं टोक बोटांनी चाचपलं, सुतळीवरच्या गाठी मोजल्या आणि चालकाला ओरडून सांगितलं, "हिचा नाद सोड. एकच लाइन, बारीक नोझल." टाळ हातात धरलेला एक तरणा पोरगा भडकला. "आग तकडं लागलेय नि ह्यो हिरीत काय बघतोय!"

त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. डोळ्यांसमोर बाग जळत असताना विहिरीत दगड सोडणारा माणूस कुणालाही वेळकाढूच वाटेल. पण ते वाक्य टोचत राहतं. कारण त्या क्षणी त्या सड्यावर सगळ्यांत महत्त्वाचं काम तोच माणूस, त्या बंबावरचा प्रमुख, करत होता, आणि तेच काम कुणाला दिसत नव्हतं.

सुतळीवर दर मीटरला एक गाठ होती. सहाव्या गाठीला लाल चिंधी. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेलं वातावरण ते पाणी नळीतून वर ढकलतं. समुद्रसपाटीला हे ढकलणं फार तर १०.३ मीटरपर्यंत पोचेल, तेही नळीत हवेचा कण उरला नाही तर. वॉशरमधून थोडी हवा शिरते, जाळीत पाला अडकतो, नळीच्या अंगाला पाणी घासतं. हे सगळं वजा केलं की हातात उरतात सातेक मीटर. बंबाच्या पंपाचं तोंड जमिनीपासून मीटरभर वर असतं, तो मीटरही यातूनच जातो. म्हणून चिंधी सहाव्या गाठीला. जांभ्यातली विहीर पावसाळ्यात काठोकाठ भरते आणि फाल्गुन-चैत्रात दहा-बारा मीटर खाली जाते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही, खाली वहाळाला सोडून देतो. त्या दिवशी सुतळी अकराव्या गाठीला भिजली होती. जगातला कितीही मोठा सक्शन पंप त्या विहिरीच्या काठावर आणून लावला असता, तरी थेंब वर आला नसता.

सुतळी न सोडता काम सुरू केलं असतं तर काय झालं असतं, तेही बघायला हवं. सक्शनची नळी जाड असते, तिचे अडीच-अडीच मीटरचे तुकडे. ते पान्याने जोडायचे, टोकाला जाळी आणि तिच्यावर टोपली बांधायची, दोर बांधून सगळं खाली सोडायचं, मग प्रायमर, म्हणजे नळीतली हवा काढणारं यंत्र, चालवायचा. सराव असलेल्या माणसांनाही यात पाच मिनिटं जातात. प्रायमरने पाऊण मिनिटात पाणी उचललं नाही तर थांबायचं असतं, नाहीतर तो तापून बसतो. पण समोर माणसं ओरडत असली की चालक थांबत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे दहा मिनिटं गेली, तीन माणसं अडकली, प्रायमर जळाला, आणि आग दोन बागा पुढे. लिंबाएवढ्या दगडाने हे सगळं अर्ध्या मिनिटात टाळलं.

या माणसाला नोकरीत म्हणतात प्रमुख अग्निशामक. बोलताना सगळे लीडिंग फायरमनच म्हणतात. कुठल्या नगरपरिषदेत प्रमुख अग्निशमन विमोचक अशी पाटी असते, आणि तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात हेच पद लीडिंग फायरफायटर होतं. गोव्यात अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं. आपल्याकडे ते नगरपरिषदेचं, महापालिकेचं, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीचं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन शहरांच्या गळ्यात घातलं आहे. गावाच्या वाट्याला काहीच आलं नाही, म्हणून वाडीला आग लागली की बंब तालुक्याहूनच यायचा. कोकणात तालुका ते वाडी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. ते वळणांत आणि साकवांत मोजायचं.

जाहिरात वाचली तर पात्रता साधी वाटते. शाळेची परीक्षा, सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम, उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६, वजन ५० किलो, नजर धड, मराठी लिहिता-वाचता येणं, संगणकाचं प्रमाणपत्र. ही झाली फायरमनची शिडी. प्रमुख व्हायचं तर फायरमन म्हणून काही वर्षं काढलेली असावी लागतात. किती, ते त्या त्या संस्थेच्या सेवाप्रवेश नियमांत लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ही जागा बढतीने भरतात, आणि ते योग्यच आहे. पुढे सब-ऑफिसर व्हायचं असेल तर सांताक्रूझचाच वेगळा पाठ्यक्रम, त्यासाठी काही जण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची वाट धरतात. प्रमुख अग्निशामक फायरमन आणि सब-ऑफिसर या दोहोंच्या मधे उभा असतो. तो साहेब नसतो, पण साहेब दुसऱ्या बंबावर असला किंवा रजेवर असला की पहिल्या बंबाचा साहेब तोच. हाताखाली चार-पाच माणसं आणि एक चालक. नोझल त्याने धरायचं नसतं. नव्या प्रमुखाला हेच सगळ्यांत जड जातं. दहा वर्षं ज्या हातांनी नोझल धरलं, ते हात आता मोकळे ठेवून बघत उभं राहायचं.

बघायचं, आणि मनात हिशेब चालू ठेवायचा.

बंबात पाणी साडेचार हजार लिटर. वीस मिलिमीटरचं नोझल सात बार दाबाला मिनिटाला सातशे लिटर पाणी फेकतं. म्हणजे सहा-साडेसहा मिनिटांत टाकी कोरडी. दोन लाइनी, म्हणजे दोन नळ्या, काढल्या तर तीन मिनिटं. साडेबारा मिलिमीटरचं नोझल त्याच दाबाला पावणेतीनशे लिटर घेतं, तेव्हा तेच पाणी सोळा मिनिटं पुरतं. वणव्याला धार लागत नाही, पाणी पसरून गवताच्या मुळाशी मारावं लागतं. त्यामुळे तिथे बारीक नोझल किंवा होजरील, म्हणजे बंबावरच्या रिळाची बारीक नळी. घराच्या वाशांनी पेट घेतला असेल तर मात्र कंजूषपणा करून चालत नाही, कारण उष्णता शोषायला एका दमात पाणी लागतं, थोडं थोडं टाकलं तर ते वाफ होऊन जातं. "एकच लाइन, बारीक नोझल" या चार शब्दांमागे एवढी बेरीज-वजाबाकी होती, आणि ती घाटी चढतानाच बंबाच्या खिडकीत बसून झालेली होती. वीस मिलिमीटरच्या नोझलला मागे रेटणारा जोर पंचेचाळीस किलोच्या आसपास असतो. म्हणून त्याला दोन माणसं, आणि पाय टेकायला धड जमीन. पाखाडीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकट्याच्या हातात ते दिलं तर नळी सापासारखी उसळते आणि नोझलचं पितळ माणसाच्या तोंडावर येतं.

पाखाडीवरून आठवलं. देशावरच्या माणसाला कोकणातली वाडी कळायला वेळ लागतो. रस्ता वर, घरं खाली. मधे जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणाचे गडगे. बंब रस्त्यावरच थांबतो, नळ्या पाखाडीने खाली न्याव्या लागतात. पंधरा मीटरच्या एका नळीत पाणी भरलं की तिचं नुसतं पाण्याचं वजन सत्तेचाळीस किलो होतं. म्हणून कोरडी नळी घराच्या अंगणापर्यंत नेऊन मगच पाणी मागवायचं. आधी मागवलं की तीन माणसं ती नळी ओढण्यातच दमतात. दुसरं असं की दर दहा मीटर चढाला एक बार दाब कमी होतो आणि दर दहा मीटर उताराला एक बार वाढतो. वीस मीटर खालच्या घरात पंपाने सात बार दिला तर नोझलवाल्याच्या हातात नऊ येतो. वर सड्यावरच्या बागेकडे नळी नेली तर उलटं. चालकाला पंपाच्या काट्यावर फक्त सात दिसतो, पाखाडीखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मधे उभं राहून हाताच्या खुणेने दाब कमी-जास्त करायला सांगणारा माणूस लागतो. वॉकीटॉकी असते, पण दरीत ती कधी बोलते, कधी नाही. हाताची खूण चुकत नाही.

वाऱ्याचंही तसंच. उजाडताना मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. वाटतं, आता आग बसली. मग खारा वारा सुटतो आणि सकाळभर ज्या बाजूला जळून गेलं त्याच्या नेमकी उलट बाजू पेट घेते. टाळ घेऊन झोडपणारी माणसं तोवर आगीच्या पुढ्यात गेलेली असतात. जाणता प्रमुख बंब लावताना त्याचं तोंड बाहेरच्या वाटेकडे करून लावतो, शक्यतो आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीला चिकटून. काळी जमीन पुन्हा पेटत नाही. गावकऱ्यांना मागे बोलावताना तो आवाज चढवतो, त्याचा राग येतो लोकांना.

पण आगीचे तास हे या नोकरीतले थोडे तास. बाकीचे केंद्रात जातात, आणि मला विचाराल तर प्रमुखाची खरी लायकी तिथेच दिसते. सकाळी पाळी बदलताना हजेरी, मग बंबाची तपासणी: टाकी, डिझेल, बॅटरी, टायर, नळ्यांची संख्या, नोझलं, शिड्या, दोर, कटर चालू करून बघायचा, दिवे लावून बघायचे. एकेक वस्तू हाताला लागली पाहिजे, नुसती यादीवर खूण नको. सक्शनच्या जोडातले रबरी वॉशर कोकणच्या हवेत लवकर कडक होतात, चिरतात. चीर केसाएवढी असते पण तेवढी हवा शिरली तरी पंप पाणी धरत नाही. म्हणून नळी बंद करून पंपाने हवा ओढायची आणि काटा मिनिटभर जागेवर राहतो का ते बघायचं. घसरला तर जोडाजोडावर हात फिरवून गळती शोधायची. पावसाळ्यात नळ्या वाळत नाहीत हे इथलं दुखणं. कापडी नळी ओली गुंडाळून ठेवली की आठ दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली नळी दाबाला नेमकी आगीत फुटते. तिला उंच टांगून निथळवायचं, वाळली की घडी बदलून गुंडाळायचं, कारण एकाच घडीवर राहिली तर आतलं रबर तिथेच तडकतं. हे सगळं नोंदवहीत लिहायचं. वर्दी किती वाजता आली, बंब किती वाजता निघाला, कुणी काय केलं, काय तुटलं. पुढे विम्याचा किंवा कोर्टाचा प्रश्न आला तर ते पानच साक्ष देतं.

दोरांचं शिक्षणही त्याच्याच गळ्यात. बोलाईन, क्लोव्ह हिच, माणूस खाली उतरवायची खुर्चीगाठ. दर्यावर्दी घरातली पोरं भरतीला आली की या गाठी एका दिवसात घेतात, कारण निम्म्या त्यांच्या हातात आधीच असतात.

विहिरीचं मात्र त्यांनाही नव्याने शिकवावं लागतं. विहिरीत डिझेलचा पंप उतरवून चालवलेला असतो, किंवा वर्षभर झाकण न काढलेली टाकी असते, किंवा होडीच्या खणात मासळी कुजलेली असते. एक माणूस उतरतो आणि गप होतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही गप. तिसरा शेजारी. मैल्याच्या टाकीतला आणि कुजलेल्या मासळीचा वायू आधी कुजक्या अंड्यासारखा वास देतो, मग थोड्याच वेळात नाकच मारून टाकतो आणि वास गेला, म्हणजे धोका गेला, असं वाटतं. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर प्राणवायू कमी, हे खरं. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, हे खरं नाही. पंपाचा धूर आणि हा कुजका वायू दिव्याला कळत नाहीत. प्रमुखाचं पहिलं काम इथे धावणाऱ्या माणसाला कमरेत धरून मागे ओढण्याचं, तो रडत असला, शिव्या देत असला तरी. मग पाठीवर हवेचा सिलिंडर, कमरेला दोर, वर दुसरा माणूस तयारीत.

त्या सिलिंडरचा हिशेबही त्याच्याच डोक्यात. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की त्यात दोन हजार लिटरच्या वर हवा. मिनिटाला चाळीस लिटर धरली तर पन्नास मिनिटं. परतीची दहा मिनिटं राखून उरतात चाळीस. आणि प्रत्यक्षात? जिना चढणारा, घाबरलेला, अंगावर माणूस घेतलेला जवान साठ लिटर सहज ओढतो. म्हणजे सगळी मिळून पस्तीसही भरत नाहीत. आत जाणाऱ्याची चकती फळ्यावर लावायची, तिच्यापुढे आत गेल्याची वेळ, सिलिंडरचा दाब, आणि हवा संपत आल्याची शिट्टी कधी वाजणार ती वेळ. शिट्टीची वेळ झाली आणि माणूस बाहेर आला नाही तर कारण न विचारता दुसरी जोडी आत. त्या फळ्याशी उभं राहणं कंटाळवाणं असतं, आणि धूर जितका दाट तितका तो फळा सोडून पुढे जायचा मोह मोठा. चांगला प्रमुख फळ्याशीच उभा राहतो.

किनाऱ्यावरच्या केंद्रात आणखी एक गोष्ट यावी लागते, ती कुठल्या पाठ्यक्रमात नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जेटीवर होडीला आग लागली आणि भरती असेल तर सक्शन समुद्रात टाकून हवं तेवढं पाणी मिळेल. ओहोटीला तिथेच चिखल, जाळी गाळात रुतणार. आणि खारं पाणी वापरलं की केंद्रात परतल्यावर, कितीही दमलेलं असलं तरी, पंप गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय झोपायचं नाही. एका रात्रीत मीठ कामाला लागतं. होडीवर पाणीही बेतानेच. डिझेल पाण्यावर तरंगत पेटतं पसरतं, आणि होडीच्या पोटात साठलेलं पाणी एका बाजूला धावलं की ती कलते. तिथे फेस लागतो. फेसाच्या द्रवाचा वीस लिटरचा डबा पाण्यात तीन टक्क्यांनी मिसळला तर साडेसहाशे लिटरच्या आसपास मिश्रण, फेसाच्या नोझलला जेमतेम तीन मिनिटं. दुसरा डबा उघडून हाताशी असल्याशिवाय पहिला सुरू करायचा नाही. अर्धवट पडलेला फेस आग खाऊन टाकते.

आत काय आहे, हे पाणी मारण्याआधी विचारणं हाही त्याचाच भाग. लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीत काही पिंपांना पाणी लागलं तर आग वाढते. काजूच्या कारखान्यात टरफलाचं तेल काळाकुट्ट धूर करून जळतं आणि अंगावर उडालं तर फोड आणतं. गॅसचा टँकर घाटात आडवा झाला तर वायू हवेपेक्षा जड, तो उताराने पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरून बसतो आणि तिथल्या चुलीपर्यंत जाऊन पेटतो. मग आधी खालच्या घरांतल्या चुली विझवायच्या, टँकरकडे नंतर. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मृतीसाठी दर वर्षी त्या तारखेला केंद्राकेंद्रात शांतता पाळतात आणि पुढचा आठवडा सेवा सप्ताह असतो. शाळेच्या पोरांना बंब दाखवतात, पोरं सायरन वाजवायला मागतात.

त्या सड्यावर बारीक नोझलने काम झालं, पण एकट्या नोझलने नाही. टाळवाल्यांनी एका बाजूने आग रेटून आणली, बंबाच्या लाइनीने दुसरी बाजू भिजवून ठेवली, आणि टाकी संपायच्या आत दोन्ही टोकं मिळाली. चाळीसेक काजूची झाडं करपली. उरलेला तास निखारे उलटण्यात गेला. वाळवीच्या वारुळांत, पोकळ बुंध्यांत आग लपून राहते आणि रात्री पुन्हा निघते. म्हणून बुंधा कुऱ्हाडीने फोडायचा, आत हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघायची, आणि लागली तर पाणी. हे काम बघायला वाडीतलं कुणी थांबलं नाही.

तो तरणा पोरगा थांबला होता. निघताना प्रमुखाने त्याला हाक मारून विचारलं, "पावसाळ्यात ह्या हिरीला पाणी कुठवर येतं रे?" पोराने कठड्याखालच्या तिसऱ्या चिऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि वहाळात कोंड हाय का कुठं, चैत्रात पण पाणी राहणारी?" होती. मंदिराच्या खालच्या अंगाला, पण बंब जायला वाट नव्हती, बैलगाडीची होती. दोघं चालत जाऊन ती बघून आले. वाटेवरचा एक गडगा दीड हात मागे घेतला तर बंब उतरेल असं ठरलं, आणि तो गडगा पोराच्या चुलत्याचाच निघाला. प्रमुखाने कोंडीतही सुतळी सोडली. काठापासून तिसऱ्या गाठीला पाणी. त्याने खिशातली वही काढून वाडीचं नाव, विहीर, गाठी अकरा, कोंड, गाठी तीन, असं लिहिलं आणि ओली सुतळी दगडाभोवती गुंडाळून बंबाच्या दांडीला वाळत घातली.